ड जीवनसत्त्वाचा कमी आकडा आणि प्रमाणांचा विचार

रक्ततपासणीच्या अहवालात ड जीवनसत्त्वापुढे एक आकडा असतो, शेजारी अपेक्षित मर्यादा छापलेली असते आणि आकडा त्या मर्यादेखाली असला की तो ठळक अक्षरांत येतो. अमरावती आणि अकोल्यात असे अहवाल आता नवलाचे राहिलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून, केस गळतात म्हणून, थकवा जात नाही म्हणून ही तपासणी केली जाते. काहीच दुखत नसताना ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्येही ती होऊन जाते. ‘डी-थ्री कमी आलं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात उन्हापासून मिळणारे जीवनसत्त्व कमी पडावे, हे कोडे वैद्यकाचे आहे. पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे. आकडा कमी आहे म्हणजे नेमके काय कमी आहे? ते कोणाच्या तुलनेत कमी आहे? आणि ज्याला कसलाही त्रास नाही, त्याला केवळ आकड्यावरून आजारी म्हणता येते का?

आकडा कशाचे माप आहे

त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण त्यावर पडले, की त्यातून ड-३ चे आधीचे रूप तयार होते आणि अंगाच्या उष्णतेने त्याचे ड-३ बनते. हे ड-३ यकृतात गेल्यावर त्याचे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होते. मग मूत्रपिंडात त्यावर आणखी एक प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे कार्यकारी रूप मिळते. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी लागते ते हे शेवटचे रूप.

अहवालात मात्र मधल्या टप्प्याचे, म्हणजे २५-हायड्रॉक्सी रूपाचे माप असते. त्याला कारण आहे. हे रूप रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, तर कॅल्सिट्रायॉल काही तासांतच ओसरते. शिवाय ड कमी पडू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो आणि कॅल्सिट्रायॉलची पातळी काही काळ सांभाळून धरली जाते. त्यामुळे शेवटचे रूप मोजले तर कमतरता असूनही दिसणार नाही. अहवालातला आकडा अशा रीतीने साठ्याचा आहे. त्या साठ्यातून काम किती होते, हे त्यावरून थेट कळत नाही. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णात साठा पुरेसा दिसूनही काम अडते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे केली जाते, तिथे हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही.

मापालाही स्वतःच्या मर्यादा आहेत. बहुतेक लॅबमध्ये प्रतिपिंडांवर आधारलेल्या यंत्रांनी ही तपासणी होते. मास स्पेक्ट्रोमेट्रीची पद्धत अधिक नेमकी, पण महाग आहे. एकच नमुना दोन पद्धतींनी तपासला तर दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. एका यंत्रावर १८ आलेला आकडा दुसऱ्यावर १६ किंवा २० येणे अशक्य नाही. एककांचाही घोळ होतो. आपल्याकडे मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम हे एकक चालते आणि अनेक देशांत लिटरमागे नॅनोमोल. पहिल्या आकड्याला अडीचने गुणले की दुसरा मिळतो. परदेशातल्या मुलाचा ४५ आणि अकोल्यातल्या आईचा १८ हे आकडे एकाच पातळीचे असतात.

उन्हाच्या मुलखात कमतरता का

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला ‘युक्ती’ हे चौथे ज्ञानसाधन मानले आहे. अनेक कारणांच्या संयोगातून एक कार्य कसे निपजते, ते ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. त्यासाठी चरकाने दिलेले उदाहरण शेतीचे आहे: पाणी, नांगरट, बी आणि ऋतू जुळून आले तरच पीक येते. कपाशी आणि सोयाबीन पिकवणाऱ्या वऱ्हाडाला हे समजावून सांगावे लागत नाही. रक्तातली ड ची पातळीही असेच एक पीक आहे. नुसते ऊन आहे म्हणून ते हाती येत नाही.

अमरावती आणि अकोला साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या दहा दिवसांत इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी क्षणभर सावली नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीसही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा त्वचेत ड तयार होण्याइतके अतिनील-ब किरण मिळतात, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने वऱ्हाडात वर्षातले बहुतेक महिने दुपारचे काही तास उपयोगी असतात. अडचण अशी, की ज्या तासांत हे किरण सर्वांत भरपूर असतात, त्याच तासांत बाहेर पडणे जिवावर बेतते. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू करून कामगारांच्या आणि शिकवणी वर्गांच्या वेळांवर निर्बंध घालावे लागले होते. सूर्यापासून दूर राहणे ही इथली शहाणपणाची रीत आहे. वाळ्याच्या ताट्या, डेझर्ट कूलर, कांदा, पन्हे आणि कानाभोवती गुंडाळलेला दुपट्टा ही तिची साधने.

कापडही आड येते. वावरात निंदण करणारी किंवा कापूस वेचणारी बाई लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि डोक्याला फडके बांधते. स्कूटीवरच्या मुलीचा चेहरा स्कार्फखाली आणि हात मोज्यांत असतात. डोक्यावरचा पदर असो, बुरखा असो की स्कार्फ, त्वचेला त्यामागचे कारण कळत नाही. किरण अडतात एवढेच खरे. काचेतून अतिनील-ब जवळजवळ येतच नाही, म्हणून खिडकीशी बसून अंगावर घेतलेले ऊन या कामी निरुपयोगी असते. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हेच किरण शोषून घेते, त्यामुळे तेवढ्याच ड साठी तिला अधिक वेळ लागतो. दूध बेताचे आणि धान्य जास्त अशा आहारात कॅल्शियम कमी पडते. अशा वेळी शरीर ड चा साठा अधिक वेगाने खर्च करते, म्हणजे आहारातली एक उणीव दुसरी वाढवते.

ही स्थिती एकट्या वऱ्हाडाची नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत ड ची कमतरता आढळली. वय वाढते तसा आकडा वाढत जातो. अंगणातून वर्गात आणि वर्गातून शिकवणीत जाणाऱ्या बालपणाशी तो ताडून पाहण्यासारखा आहे. या सर्वेक्षणाने कमतरतेची सीमा १२ नॅनोग्रॅमवर धरली होती. तीच २० किंवा ३० वर धरली असती, तर त्याच मुलांच्या त्याच रक्तातून कितीतरी मोठी टक्केवारी निघाली असती.

सीमारेषा कोणी आखली

सीमारेषांचा इतिहास इथे पाहावा लागतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालाने २० नॅनोग्रॅमला सुमारे ९७.५ टक्के लोकांची हाडांची गरज भागते, असे ठरवले. सरासरी माणसाची गरज १६ ला भागते, असेही त्याच अहवालात आहे. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने २० च्या खाली ‘कमतरता’, २१ ते २९ ‘अपुरे’ आणि ३० च्या वर ‘पुरेसे’ अशी विभागणी केली. जगभरच्या लॅबच्या कागदांवर प्रामुख्याने हीच छापली गेली. मुलांच्या मुडदूसाविषयीच्या २०१६ च्या जागतिक सहमतीने आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनाने १२ च्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरे आणि २० च्या वर पुरेसे असे मानले. मग २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच आपल्या जुन्या सीमांचा पुरस्कार करणे थांबवले आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला दिला.

अकोल्यातल्या एखाद्या माणसाचा आकडा १८ असला, तर एका मोजपट्टीने तो कमतरतेचा रुग्ण ठरतो, दुसरीने अपुऱ्या गटात जातो आणि तिसरीने सरासरी गरजेच्या वर राहतो. माणूस तोच आणि रक्तही तेच. त्याचे आजारीपण मात्र कोणता तक्ता छापला आहे यावर बदलते. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीझच्या नावावर वाळूच्या ढिगाचे कोडे सांगतात: एकेक कण काढत गेल्यास नेमक्या कोणत्या कणाला ढीग संपतो? १९.९ आणि २०.१ यांमधली रेषा त्याच जातीची आहे. निसर्गात अशी रेषा नाही, ती व्यवहारासाठी माणसाने आखलेली आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. सज्ञान होण्याचे १८ वर्षांचे वयही माणसानेच ठरवलेले असते आणि ते उपयोगीही असते. फक्त अशी रेषा आखताना कोणाची चूक किती सहन करायची, याचा एक नैतिक निर्णय तिच्यात दडलेला असतो. रेषा वर नेली तर निरोगी माणसे रुग्ण ठरतात. खाली आणली तर खरे रुग्ण निसटतात.

सामान्य म्हणजे काय, याचा विचार पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात दोन अंगांनी झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉर्ज कांगिलेम याने १९४३ च्या आपल्या प्रबंधात सरासरीवरून आरोग्य ठरत नाही, असे मांडले. बदलत्या परिस्थितीत जगण्याचे नवे मापदंड उभे करण्याची क्षमता त्याला आरोग्याचे लक्षण वाटली. १९७७ मध्ये ख्रिस्तोफर बोर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने उलट बाजू घेतली. त्याच्या मते आपल्या वयाच्या आणि लिंगाच्या संदर्भगटात शरीराचे कार्य जितके अपेक्षित तितके होणे हे आरोग्य, आणि ते मूल्यनिरपेक्षपणे मोजता येते. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत बोर्सचा संदर्भगटच वादाचा होतो. टांझानियातल्या पारंपरिक जीवन जगणाऱ्या मसाई आणि हाड्झा लोकांत २०१२ च्या एका अभ्यासात सरासरी पातळी सुमारे ४६ नॅनोग्रॅम आढळली. त्यांच्या तुलनेत बहुतेक शहरी जग कमीच ठरेल. दुसऱ्या बाजूला हवाईमध्ये आठवड्याला सरासरी २९ तास उन्हात असणाऱ्या ९३ प्रौढांच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्यांहून अधिक जणांची पातळी ३० च्या खाली निघाली. इतके ऊन घेणाऱ्यांनाही गाठता न येणारी सीमा निसर्गाची कशी म्हणावी?

साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ याने १९८५ मध्ये एक इशारा दिला होता, तो इथे नेमका लागू पडतो. एखादे कारण सगळ्याच लोकसंख्येवर सारखे पसरले असेल, तर आतल्या आत तुलना करून ते दिसत नाही. ‘इथे सगळ्यांचेच कमी असते’ हे वाक्य त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसवे आहे. सगळ्यांचे कमी आहे म्हणून ते ठीक आहे, असे होत नाही. परक्या तक्त्यापेक्षा कमी आहे म्हणून सगळे आजारी आहेत, असेही होत नाही.

चरकाने या अडचणीतून एक वाट दाखवली आहे. विमानस्थानात शरीराची मापे रुग्णाच्या स्वतःच्या बोटाच्या रुंदीने घ्यायला सांगितली आहेत. ज्याचे शरीर त्याचेच अंगुळ. देश, वय, बळ आणि सवय यांचा विचारही रुग्णपरीक्षेत सांगितला आहे. रक्तातले द्रव्य बोटाने मोजता येत नाही, हे उघड आहे. पण माणसाला त्याच्याच संदर्भात मोजावे हे तत्त्व जुने झालेले नाही. गेल्या वर्षीचा आकडा, पॅराथायरॉइड संप्रेरकाची पातळी, हाडांची घनता आणि प्रत्यक्ष बळ या गोष्टी शेजारी ठेवल्या, की आधुनिक वैद्यकही तेच करत असते.

आकड्यावरून रोगाचे अनुमान

रोगाचे ज्ञान तीन मार्गांनी होते, असे चरक विमानस्थानात सांगतो: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. अहवालाला या तिन्हींत कुठे ठेवायचे, हे पाहण्यासारखे आहे. तंत्रज्ञाने यंत्रावर जे पाहिले ते प्रत्यक्ष. रुग्णाच्या हाती तोच निष्कर्ष शब्द म्हणून येतो. त्यावरून हाडांची आणि स्नायूंची अवस्था ठरवणे हे अनुमान आहे. तिन्ही पायऱ्यांवर चूक होऊ शकते आणि प्रत्येकीची चूक वेगळ्या जातीची असते.

शब्दप्रमाणाचे बळ सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर असते. अमरावती जिल्ह्यातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. इतरांनी वाचून दाखवलेल्या ग्रंथांवर त्यांनी आपली विद्या उभारली. अशा विद्येत वाचणारा प्रामाणिक असणे हेच सर्व काही. अहवाल वाचणारा रुग्णही याच स्थितीत असतो. न्यायपरंपरेनुसार ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तपासण्यांची पॅकेजे किंवा गोळ्या विकणाऱ्याचे ज्ञान खरे असू शकते. पण त्याच्या सांगण्यात स्वार्थ मिसळलेला असल्याने त्याचा शब्द एकट्याने पुरत नाही.

अनुमानाची कसोटी नैयायिकांनी धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणाने बांधली. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती अढळ आहे. उलट दिशेचे अनुमान मात्र टिकत नाही: जिथे अग्नी तिथे धूर असेलच असे नाही, कारण धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे ‘उपाधी’. दोन गोष्टींचा संबंध घट्ट वाटतो, पण तो तिसऱ्याच गोष्टीने जोडलेला असतो.

ड जीवनसत्त्वावरचे गेल्या काही दशकांतले मोठे वादंग या उपाधीचे आहे. हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, नैराश्य अशा अनेक आजारांत ड ची पातळी कमी सापडली आणि कमी ड हेच कारण असावे, असे अनुमान निघाले. पण आजारी माणूस घरातच बसतो, लठ्ठ माणसात ड चरबीत अडकून राहते, म्हाताऱ्या त्वचेत ते कमी बनते. आजारपण, वजन आणि वय या उपाध्या मध्ये उभ्या आहेत. त्या दूर करण्याचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी अर्ध्यांना रोज २००० युनिट ड-३ आणि उरलेल्यांना निष्क्रिय गोळी दिली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. २०२२ मध्ये हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नसल्याचे दिसले. या चाचणीत लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते, त्यामुळे खरी कमतरता असलेल्यांना उपचार नको, असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही. एवढे मात्र ठरते, की कमी ड हे पुष्कळदा आजाराचे चिन्ह असते आणि चिन्ह पुसल्याने आजार पुसला जात नाही.

थकवा आणि अंगदुखी यांच्याबाबत नैयायिकांचा ‘सव्यभिचार’ हा हेत्वाभास आठवावा लागतो. जो हेतू साध्य असतानाही आढळतो आणि नसतानाही आढळतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. थकलेल्या माणसांत कमी आकडा सापडतो. न थकलेल्यांतही तितकाच सापडतो. अशा लोकसंख्येत एखाद्याचा थकवा ड मुळेच आहे असे म्हणताना रक्तक्षय, थायरॉइड, ब-१२ ची उणीव, मधुमेह आणि मनावरचा ताण ही दुसरी कारणे आधी दूर सारावी लागतात.

जिथे आकडा निर्णायक ठरतो

या शंकेचे टोक गाठून आकडाच निरर्थक मानणे ही दुसरी चूक होईल. ड जीवनसत्त्वाचा इतिहास आकड्यापासून सुरू झालेला नाही. तो वाकलेल्या पायांपासून सुरू झाला. जपानमध्ये काम केलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये मुडदूस आणि सूर्यप्रकाशाचा अभाव यांचा संबंध दाखवला. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत मुडदूस आहाराशी जोडला, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याखाली बरी करून दाखवली. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी या घटकाला ड हे नाव दिले. रक्तातले २५-हायड्रॉक्सी रूप मोजण्याची सोय १९७० च्या दशकात आली. तोवर रोग आधी, कारण मग आणि माप शेवटी असा क्रम होता. आजच्या आरोग्य पॅकेजमध्ये तो उलटला आहे: माप आधी येते आणि त्याला साजेसा रोग नंतर शोधला जातो.

मूळ क्रमाने पाहिले तर आकड्याचे बळ टिकून आहे. पायांना बाक आलेले किंवा मनगटे रुंदावलेले मूल, बसल्या जागेवरून हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणारी बाई, फासळ्या आणि मांड्यांची हाडे दाबल्यावर दुखणारा माणूस, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि कॅल्शियम, फॉस्फरस घसरलेले रक्त: अशा ठिकाणी १२ च्या खालचा आकडा ठाम पुरावा असतो आणि उपचार लांबवणे हाच अन्याय ठरतो. फिट्सची काही औषधे, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, आतड्याचे, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे विकार यांत तपासणीला अर्थ असतो. मेळघाटातल्या कुपोषित मुलाच्या बाबतीत ड बरोबर कॅल्शियम आणि पोटभर अन्न यांचाही प्रश्न असतो, एकटी गोळी तिथे तोकडी पडते. आठवड्याला ६०,००० युनिटची गोळी किंवा सॅशे सहसा आठ आठवड्यांसाठी असते. ती कोणी वर्षभर घेत राहिले तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर संकट येऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिटचा डोस दिलेल्या चाचणीत, २०१० च्या निष्कर्षांनुसार, पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले. कमी वाईट म्हणून जास्त तितके चांगले, हे अनुमानही सदोषच.

सूर्योपासना आणि जीवनसत्त्व

या विषयाला धर्माची एक बाजू आहे. पुराणांनी आरोग्य सूर्याकडे मागावे असे सांगितले. श्रीकृष्णाचा मुलगा सांब याचे कुष्ठ सूर्योपासनेने बरे झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. पौषातले रविवार, रथसप्तमीला सूर्यापुढे उतू घालवलेले दूध, सकाळचे अर्घ्य हे सगळे वऱ्हाडात जिवंत आहे. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाची परंपरा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत नेली. सूर्यनमस्कार त्याच परंपरेतला. यावरून पूर्वजांना ड जीवनसत्त्व ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी अर्घ्याची प्रथा घातली, असा दावा वारंवार केला जातो.

हा दावा तथ्यावर टिकत नाही. सूर्योदयाला किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात आणि अतिनील-ब त्यात जवळजवळ पूर्ण शोषले जाते. पहाटेच्या अर्घ्याने ड तयार होत नाही. सूर्यनमस्काराने स्नायूंना बळ आणि हाडांना ताण मिळतो, पण कोवळ्या उन्हात घातलेल्या नमस्कारांनी रक्तातली पातळी फारशी हलत नाही. त्यामुळे उपासना खोटी ठरते का? उपासनेचे प्रयोजन कृतज्ञता आणि दिवसाची शिस्त हे असेल, तर ती जीवनसत्त्वाच्या आधाराची मोहताज नाही. विज्ञानाचा टेकू देऊन श्रद्धेची किंमत वाढत नाही. उलट टेकू निसटला की श्रद्धाही पडेल, अशी सोय होऊन बसते. सांबाची कथा ऐकणाऱ्या याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी जे काम उभे केले, ते औषध आणि सेवेच्या बळावर. कथा आशा देते, उपचार वैद्यकाने करायचा असतो. दोन्ही आपापल्या जागी राहिले तर त्यांचे भांडण उरत नाही.

आहाराचा धर्मप्रश्न याहून व्यावहारिक आहे. बाजारातले बरेचसे ड-३ मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिन या स्निग्ध द्रव्यापासून बनते आणि कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. कारंजा, शिरपूर या जैन क्षेत्रांच्या परिसरात, माळकरी घरांत आणि महानुभाव उपदेशी कुटुंबांत ही शंका खरीखुरी असते. लोकर कातरताना प्राणी मारावा लागत नाही, त्यामुळे अहिंसेच्या कसोटीवर लॅनोलिनची जागा दुधाच्या जवळ येते; जिलेटिनची तशी येत नाही. हलाल आहार पाळणाऱ्या मुस्लिम कुटुंबांनाही जिलेटिनचा प्रश्न पडतो. यीस्ट किंवा अळंबीपासूनचे ड-२, शेवाळ आणि बुरशीच्या सहजीवनातून बनणाऱ्या लायकेनपासूनचे ड-३, आणि जिलेटिन नसलेली पूड किंवा थेंब असे पर्याय उपलब्ध आहेत. ज्याचा नियम आहे त्याला तसे विचारण्याचा अधिकार आहे आणि उत्तर देणे हे औषध लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

निष्कर्ष

सुश्रुताने निरोगी माणसाची जी व्याख्या केली, तिच्यात दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही मोजली आहे. त्या व्याख्येत आकड्याला जागा आहे, पण सिंहासन नाही. ड जीवनसत्त्वाचा कमी आकडा हे अनुमानाचे एक लिंग, म्हणजे खूण, आहे. लक्षणे, इतर तपासण्या आणि राहणीमान यांची जोड मिळाली तर ते रोग सिद्ध करते; एकटे असले तर ते केवळ माप राहते. निरोगी प्रौढाने हौसेखातर ही तपासणी करून घेण्याची गरज नाही. मुले, गर्भवती आणि ७५ वर्षांपुढचे वृद्ध यांना तपासणीशिवायही बेताचे पूरक ड द्यावे, अशी २०२४ ची शिफारस आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. दूध आणि खाद्यतेलात अ आणि ड मिसळण्याची मानके २०१८ पासून अस्तित्वात आहेत.

लोकसंख्येच्या मोठ्या भागाची पातळी खाली असेल, तर दोष एकेका रुग्णाच्या ‘उन्हात जात नाही’ या सवयीवर ढकलणे न्यायाचे नाही. मेच्या दुपारी अकोल्यात उन्हात उभे राहण्याचा सल्ला कोणीच देऊ शकत नाही. हिवाळ्यात शाळेची मधली सुटी मैदानावर होणे, दूध आणि तेलातले पूरक ड गरिबाच्या घरापर्यंत पोचणे, अंगणवाडीतल्या आहारात कॅल्शियम असणे ही कामे व्यक्तीची नाहीत, समाजाची आहेत. अहवाल हाती आल्यावर रुग्णाने आपल्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: माझ्या कोणत्या लक्षणाशी हा आकडा जुळतो, औषध किती आठवडे घ्यायचे आणि ते कधी थांबवायचे. या तिन्हींची उत्तरे मिळाली, की त्या आकड्याचा अर्थ लागला असे समजावे.